मासातोशी नेई यांचे पेपर आणि त्यांची साइटेशन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोटेक, मायक्रो, बॉटनी, झूलॉजी, डिपार्टमेंट कुठलंही असो, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये सिक्वेन्सचं झाड (कोण कोणाच्या किती जवळचं ते दाखवणारा वंशवृक्ष) काढायची वेळ आली की रेफरन्समध्ये एक ओळ हमखास येते, साइतो आणि नेई, १९८७. कोणी असा तुमचा पेपर रेफरन्समध्ये दिला की ते तुमचं एक साइटेशन. ज्युनिअर्सकडून याच्याबद्दल इतक्या वेळा तेच तेच प्रश्न आलेत की म्हटलं एकदा सगळं एका ठिकाणी नीट लिहून ठेवावं. जेनेटिक्समधल्या माणसाचं पब्लिकेशन रेकॉर्ड वाचायला शिकायचं असेल तर नेईंच्या रेकॉर्डइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

नेई नक्की कोण?

मासातोशी नेई, जन्म २ जानेवारी १९३१, जपानमधलं मियाझाकी. क्योटो विद्यापीठातून पीएचडी, मग चिबाच्या रेडिओलॉजिकल सायन्सेसच्या राष्ट्रीय संस्थेत नोकरी, आणि १९६९ मध्ये अमेरिकेला गेले ते तिथलेच झाले. आधी ब्राउन युनिव्हर्सिटी, १९७२ पासून ह्यूस्टनला टेक्सास युनिव्हर्सिटी, १९९० पासून पेन स्टेट आणि शेवटची वर्षं फिलाडेल्फियाची टेम्पल युनिव्हर्सिटी. मे २०२३ मध्ये ते गेले. २०१३ चं क्योटो प्राइझ त्यांना मिळालं, त्याआधी २००६ मध्ये जेनेटिक्स सोसायटी ऑफ अमेरिकाचं थॉमस हंट मॉर्गन मेडल. काम म्हणाल तर दोन जीव, दोन जमाती किंवा दोन जीन एकमेकांपासून किती लांब गेलेत हे मोजायचं कसं, त्याचं गणित. आयुष्यभर मुख्यतः हेच केलं.

त्यांचा सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर कोणता, आणि आकडा किती?

नेबर-जॉइनिंगचा पेपर. नारुया साइतो आणि मासातोशी नेई, मॉलिक्युलर बायोलॉजी अँड इव्होल्यूशन, १९८७, पान ४०६ ते ४२५. नेचर जर्नलने २०१४ मध्ये वेब ऑफ सायन्स या साइटेशन्स मोजणाऱ्या डेटाबेसचा डेटा घेऊन आजवरच्या सगळ्यात जास्त साइट झालेल्या १०० पेपरची यादी काढली होती, त्यात हा विसावा होता, तीस हजारांच्या वर साइटेशन्स. लक्षात घ्या, सगळ्या विज्ञानात विसावा, फक्त जेनेटिक्समध्ये नाही. पहिला नंबर होता लाउरींच्या १९५१ च्या प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा, तीन लाखांच्या पुढे. आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी वेटोळ्याचा १९५३ चा पेपर त्या शंभरात नव्हताच! ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

नेबर-जॉइनिंग नेमकं करतं काय? व्हायवात विचारतात.

विचारतातच. माझ्या व्हायवात एक्स्टर्नलनी माझं झाड बघितलं, बूटस्ट्रॅपच्या आकड्यांवर (झाडातली प्रत्येक जोडी किती भरवशाची ते सांगणारे आकडे) बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "यातला नेबर कोण, आणि तो ठरवला कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री पेपर काढून वाचला, तो खरंच वाचता येण्यासारखा आहे, घाबरू नका.

एक छोटं उदाहरण देते, कागद-पेन घेऊन करून बघा. चार नमुने समजा, क, ख, ग, घ. त्यांच्यातली अंतरं अशी: क-ख ५, क-ग ३, क-घ ६, ख-ग ६, ख-घ ९, ग-घ ५. आता साधा माणूस म्हणेल क आणि ग मध्ये अंतर सगळ्यात कमी, ३, म्हणजे हे सख्खे. यूपीजीएमए ही जुनी पद्धत अगदी हेच करते, कारण तिचं गृहीतक असं की सगळे सारख्याच वेगाने बदलतात. पण मी हे आकडे ज्या झाडावरून काढलेत त्यात क आणि ख हे सख्खे आहेत, फक्त ख ची फांदी लांब आहे कारण तो भराभर बदललाय, क ची १ आणि ख ची ४. तसंच ग ची १, घ ची ४, आणि मधली फांदी १. बेरजा करून ताळा करून बघा.

नेबर-जॉइनिंग इथे काय करतं, तर जोडीतलं अंतर तर बघतंच पण त्या जोडीतला प्रत्येक जण बाकी सगळ्यांपासून एकूण किती लांब आहे तेही बघतं. क ची एकूण अंतरं १४, ख ची २०, ग ची १४, घ ची २०. आता आपण वापरतो ते सोपं सूत्र स्टुडियर आणि केपलर यांनी १९८८ मध्ये मांडलं, त्याप्रमाणे चार नमुन्यांना अंतराची दुप्पट करायची आणि दोघांच्या बेरजा वजा करायच्या. क-ख चं येतं १० वजा ३४, म्हणजे उणे २४. क-ग चं ६ वजा २८, उणे २२. सगळ्यात लहान आकडा जिंकतो, म्हणून क-ख हे नेबर ठरून जोडले जातात, किंवा ग-घ, त्यांचंही उणे २४ च येतं आणि झाड तेच निघतं. बरोबर उत्तर! लांब फांदीला पद्धत फसली नाही. आपल्याकडे नाही का, एक भाऊ गावात राहिला आणि दुसरा परदेशात जाऊन पार बदलला तरी भाऊ ते भाऊच, नुसतं वरवर दिसण्यावर गेलात तर गावातला शेजारीच सख्खा वाटेल.

आणि हे सगळं झटपट होतं. ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरवर शेकडो झाडं तपासत बसायची सोय नव्हती, ही पद्धत पायरीपायरीने जोड्या लावत एकच झाड हातात देते.

पण मूळ पेपर वाचला नसतानाही लोक साइट करतात, मग इतकी साइटेशन्स येतात कुठून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. उत्तर: मेगा नावाच्या सॉफ्टवेअरमधून.

मेगा १९९३ मध्ये आलं, सुधीर कुमार, कोइचिरो तामुरा आणि नेई यांनी केलेलं, तेव्हा ते डॉसवर चालायचं. पुढे विंडोज आलं, आवृत्त्या येत गेल्या आणि मेगा फुकट होतं, आजही आहे. भारतातल्या ज्या कॉलेजला महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही तिथेसुद्धा लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर मेगा असतंच. २००७ च्या मेगा ४ मध्ये कॅप्शन एक्स्पर्ट म्हणून एक सोय आली. तुम्ही झाड काढलंत की कॅप्शन वर क्लिक करा, एक खिडकी उघडते आणि त्यात तुमच्या झाडाचा अख्खा परिच्छेद तयार: उत्क्रांतीचा इतिहास नेबर-जॉइनिंग पद्धतीने काढला, सगळ्या फांद्यांच्या लांबीची बेरीज इतकी, बूटस्ट्रॅप १००० वेळा केला, अंतरं अमुक मॉडेलने मोजली, इतक्या जागा विचारात घेतल्या. आणि खाली रेफरन्स क्रमाने लावलेले, पहिला साइतो-नेई १९८७, मग बूटस्ट्रॅपसाठी फेल्सेनस्टाइन १९८५, मग मॉडेलचा, मग मेगाचा स्वतःचा पेपर.

विद्यार्थी तो परिच्छेद उचलतो, थिसिसमध्ये टाकतो, थिसिसचा पेपर होतो, एक साइटेशन वाढलं. जगभर रोज.

म्हणजे ही साइटेशन्स खोटी का?

अजिबात नाही, आणि असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. प्रत्येक साइटेशनमागे एका माणसाने खरंच ती पद्धत वापरलीय, त्याचं काम तिच्यावाचून अडलं असतं. पद्धत वापरली तर तिचं नाव घ्यायचं हा साधा प्रामाणिकपणा आहे, आणि मेगाने तो सोपा करून दिला म्हणून कोणी नाव गाळत नाही. आधीच्या काळात किती पद्धती अशा होत्या ज्या सगळ्यांनी वापरल्या आणि मूळ माणसाचं नाव हळूहळू पुसलं गेलं.

मात्र आकडा वाचताना एवढं कळायला हवं की हे वापराचं साइटेशन आहे. दुसऱ्या प्रकारचं साइटेशन असतं विचाराचं, म्हणजे कोणी तुमचं म्हणणं घेऊन त्यावर वाद घालतो, पुढे नेतो, खोडून काढतो. दोन्हीचा मोजणीत भाव एकच, एक म्हणजे एक. वॉटसन-क्रिक शंभरात नाहीत ते ह्याच्यामुळेच, डीएनएचं वेटोळं आज शाळेच्या पुस्तकात आहे, कोण कशाला रेफरन्स देईल? पद्धतीचा पेपर मात्र प्रत्येक वेळी वापरला की द्यावाच लागतो.

त्यांचा एच-इंडेक्स किती होता?

एकच एक आकडा नसतो. गूगल स्कॉलर थिसिस, पुस्तकं, प्रीप्रिंट सगळं धरतं, वेब ऑफ सायन्स ठरावीक जर्नलच धरतं, स्कोपस तिसरंच काही सांगतं. त्यामुळे कोणी नुसता आकडा फेकला तर कुठला आणि कधीचा ते विचारा.

एच-इंडेक्स म्हणजे काय ते सांगते, होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेला. तुमचे ५ पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान ५ साइटेशन्स आहेत, आणि सहा पेपरला निदान सहा नाहीत, तर तुमचा एच ५. आता गंमत बघा, त्या पाचातल्या एकाला ५ ऐवजी तीस हजार साइटेशन्स मिळाली तरी एच ५ च राहतो! नेबर-जॉइनिंगचा तो डोंगरएवढा आकडा एच-इंडेक्सला दिसतच नाही. नेईंचा एच मोठा आहे तो त्या एका पेपरमुळे नव्हे, त्याच्या खाली दडलेल्या कितीतरी पेपरमुळे आहे.

खाली दडलेले म्हणजे कोणते?

१९६९, नेचर. जीनची नक्कल होऊन दोन झाले तर एक पुढे निकामी होऊ शकतो, आणि म्हणून मोठ्या जीवांच्या जीनोममध्ये असे निकामी झालेले जीन बरेच असणार, असं त्यांनी हिशोब करून लिहिलं. अशा निकामी जीनसाठी स्यूडोजीन हा शब्द त्यानंतर १९७७ मध्ये आला. केवळ कागदावरच्या गणितातून हे निघालं याचं मला आजही कौतुक वाटतं.

१९७२, अमेरिकन नॅचरलिस्ट. दोन जमातींमधलं जेनेटिक डिस्टन्स, ज्याला आज सगळे नेईज डिस्टन्स म्हणतात. आधी दोन्हीकडच्या जीन फ्रीक्वेन्सी (जीनचं कुठलं रूप किती प्रमाणात आहे ते) घेऊन सारखेपणा काढायचा आणि त्याचा नॅचरल लॉग उणे करायचा. का लॉग? कारण म्युटेशन (जीनमधले बदल) साचत जाण्याचा वेग ठरावीक धरला तर हे अंतर काळाच्या प्रमाणात सरळ वाढतं, म्हणजे अंतरावरून काळाचा अंदाज बांधता येतो. नुसता एक निर्देशांक काढून ते थांबले नाहीत, त्याला अर्थ दिला.

१९७८, जेनेटिक्स जर्नल. हाच आकडा पण नमुने कमी असतील तर होणारी चूक दुरुस्त करून. आपल्याकडे फील्डवर जाऊन सह्याद्रीत एखाद्या दुर्मिळ झाडाची दहा-वीस रोपं मिळाली तरी नशीब, अशांना हा पेपर लागतोच लागतो.

१९७५, मारुयामा आणि रणजित चक्रवर्ती यांच्यासोबत, इव्होल्यूशनमध्ये, बॉटलनेकचा. जमातीची संख्या एकदम कोसळली आणि मग परत वाढली तर विविधतेचं काय होतं? त्यांनी दाखवलं की संख्या पटकन सावरली तर हेटेरोझायगॉसिटीचं (एकाच जीवात एका जीनची दोन वेगळी रूपं असण्याचं प्रमाण) नुकसान तेवढं होत नाही, पण ॲलील्सची, म्हणजे जीनच्या वेगवेगळ्या रूपांची, संख्या मात्र जास्त वाईट मार खाते, दुर्मिळ ॲलील गेले ते गेलेच. वाघ-सिंहांवर काम करणारे याकडे परत परत येतात.

१९८६ मध्ये गोजोबोरींसोबत सिनॉनिमस आणि नॉनसिनॉनिमस बदल (प्रोटीनमधलं अमिनो आम्ल न बदलणारे आणि बदलणारे) मोजायची पद्धत आली आणि दोन वर्षांनी ऑस्टिन ह्यूजेस यांच्यासोबत तीच कल्पना रोगप्रतिकारक जीनवर, एमएचसीवर लावली. त्यात दिसलं की परक्या प्रोटीनचे तुकडे जिथे चिकटतात त्याच जागी अमिनो आम्ल बदलणारे बदल जास्त आहेत, म्हणजे नैसर्गिक निवड विविधता टिकवतेय. हा माझा सगळ्यात लाडका पेपर. मोजपट्टी आणि शोध एकाच घरातून निघाले.

भारताशी काही संबंध?

चांगलाच. रणजित चक्रवर्ती कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे. रॉयचौधुरी हे आणखी एक भारतीय सहकारी, त्यांच्यासोबत १९७२ पासून माणसांच्या गटांमधल्या जेनेटिक फरकांवर पेपर निघाले आणि त्यांचं म्हणणं ठाम होतं, की गटागटांत जो फरक आहे त्याच्यापेक्षा एकाच गटातल्या माणसामाणसांत फरक खूप जास्त आहे. जातीपातीच्या आपल्या देशात ही ओळ वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी असं मला मनापासून वाटतं. १९९३ मध्ये दोघांनी जगभरातल्या २६ जनसमूहांचं झाड काढलं, त्यात पहिली फांदी आफ्रिकेत फुटते. आणि सुधीर कुमार तर मेगाचे कर्ते, पेन स्टेटला नेईंकडेच पीएचडी केलेले.

आपल्या इथलं म्हणाल तर लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस नावाचा नवा बॅक्टेरिया २०१० मध्ये जाहीर झाला. असा नवा बॅक्टेरिया जाहीर करायचा तर १६एस आरआरएनए जीनचं (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) झाड दाखवून तो कुठल्या कुळातला ते सांगावं लागतं, आणि त्या जगात नेबर-जॉइनिंगचं झाड म्हणजे रोजची भाजी-भाकरी.

स्वतःच्याच जर्नलमध्ये छापलं असं म्हणतात, खरं का?

खरं आहे. मॉलिक्युलर बायोलॉजी अँड इव्होल्यूशन हे जर्नल नेई आणि वॉल्टर फिच यांनी १९८३ मध्ये काढलं आणि नेबर-जॉइनिंग चार वर्षांनी तिथेच आलं. मेगाचे बरेचसे पेपरही तिथेच. शंका येणं रास्त आहे, पण वर्षं बघा. जर्नल तेव्हा अगदी नवं होतं, तिथे छापून नाव मिळवण्यासारखं काही नव्हतं. उलट अशा पेपरांनी जर्नलला मोठं केलं. आणि इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा असतो, तोही मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांवरून काढलेला, १९८७ च्या पेपरला आज मिळालेलं साइटेशन त्यात धरलंच जात नाही. माणसाचं माप जर्नलच्या मापाने काढू नका एवढं तरी इथून घ्या.

साइतोंना श्रेय कमी मिळालं का?

पेपरवर पहिलं नाव त्यांचंच, ते तेव्हा ह्यूस्टनला नेईंचे विद्यार्थी होते. आपल्या फील्डमध्ये पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं असा रिवाज आहे. नेईंच्या विद्यार्थ्यांमध्ये साइतो आहेत, तजिमा आहेत, ज्यांची तजिमाज डी ही चाचणी (डीएनएमधले बदल निव्वळ योगायोगाचे आहेत का ते तपासणारी) १९८९ ची, ती त्यांनी एकट्याच्या नावावर छापला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गाईडचं रेकॉर्ड बघताना त्याच्या हाताखालची मुलं पुढे स्वतःच्या नावाने उभी राहिली का, हे कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही, ते नावं शोधत बसून बघावं लागतं.

तसंच मेगाचं बघा. मेगा ५ पर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, पेपरवर नेईंचं नाव आहे. २०१३ च्या मेगा ६ वर नाही, ७ वर नाही, एक्सवर नाही. त्यामुळे आज कोणी मेगा एक्स साइट केलं तर ते साइटेशन कुमार, तामुरा आणि इतरांच्या खात्यात जातं, नेईंच्या नाही, जे बरोबरच आहे.

नेबर-जॉइनिंग आता जुनं झालं ना, मॅक्सिमम लाइकलीहूड वापरा सांगतात?

हो, सांगतात आणि बरोबर सांगतात. लाइकलीहूड (हाती असलेला डेटा ज्या झाडातून येण्याची शक्यता सगळ्यात जास्त ते झाड निवडायची पद्धत) आणि बेझियन पद्धती सिक्वेन्समधली जास्त माहिती वापरतात, कॉम्प्युटरही आता दमदार झालेत. बऱ्याच ठिकाणी दोन्ही झाडं काढून जुळतात का बघतात, तसं करा.

नेईंना स्वतःला कुठलं काम मोठं वाटायचं?

त्यांच्या शेवटच्या काळातलं लिखाण बघितलं तर ते एकाच गोष्टीवर ठाण मांडून बसलेले दिसतात, की उत्क्रांतीचं मूळ इंजिन म्युटेशन आहे, निवड ही नंतरची गाळणी. २०१३ मध्ये ऑक्सफर्डने त्यांचं पुस्तक छापलं तेही यावरच. ऐंशी ओलांडलेला, सगळे सन्मान मिळालेला माणूस परत वादात उतरतो. ते सगळ्यांना पटलं असं नाही, कितीतरी उत्क्रांतीवाले निवडीलाच मुख्य मानतात. पण साइटेशनच्या तराजूत ते पुस्तक नेबर-जॉइनिंगसमोर काहीच नाही, आणि त्यांनी जीव ओतला होता तो त्या पुस्तकात.

मला गाईड निवडायचाय, त्यांचा एच २२ आहे, चांगला का?

नेईंशी तुलना करू नका, कुणाचीच करू नका. पद्धत काढणाऱ्याला साइटेशन्स धो धो येतात, ज्वारीच्या एका रोगप्रतिकारक जीनवर वीस वर्षं काम करणाऱ्याला येत नाहीत, पण त्याचं काम शेतात उभं असू शकतं. मोठ्या कन्सॉर्शियमच्या पेपरवर शेकडो नावं असतात, त्यात तुमच्या सरांचं नाव मधेच कुठेतरी असेल तर त्या साइटेशन्सवरून सरांबद्दल फारसं काही कळत नाही. काढा यादी, गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर बघा, त्यांत शेवटचं नाव त्यांचं आहे का, पहिली नावं त्यांच्या विद्यार्थ्यांची आहेत का, आणि दोन पेपर पूर्ण वाचा. शक्य झालं तर लॅबमधल्या एखाद्या सिनिअरशी चहावर बोला.

आणि नावाचा घोळ तपासा. पाटील, जोशी, कुलकर्णी, एका आद्याक्षराचे डझनभर सापडतात, गूगल स्कॉलर दुसऱ्याच कुणाचे पेपर तुमच्या मॅडमच्या खात्यात टाकतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचं रेकॉर्ड तर दोन तुकड्यांत पडतं. माझे दोन पेपर माहेरच्या नावावर आहेत आणि एका इंटरव्ह्यूत मला विचारलं गेलं की ही कोण. ओआरसीआयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा, पहिला पेपर पाठवायच्या आधीच काढा.

वाचायला सुरुवात कुठून करू?

१९८७ चाच घ्या. सुरुवातीला चांदणीसारखं झाड काढलंय, सगळ्या फांद्या मधल्या एका बिंदूतून निघालेल्या, आणि शेजारी दोन टोकं जोडून वेगळी काढलेली. तिथे थांबा, वरचे चार नमुन्यांचे आकडे घ्या आणि हाताने सोडवा. अर्धा तास लागेल. मग मेगा उघडा.